हाताने दिलेली फाईल

डहाणू, ७ डिसेंबर

दादा,

तुझा फोन लागत नाही. गाडीवाला झिपरू म्हणतो, तू तो बंद केलेला नाहीस, धक्क्यावरून पाण्यात टाकलास. खरं काय ते तुलाच माहीत. म्हणून कागदावर लिहिते आहे. मंगळवारी झिपरूची गाडी खलाशी घेऊन तलासरीहून वेरावळला निघेल, तेव्हा पाकीट चिकटवून त्याच्याकडे देईन. कागदाचं आणखी एक कारण आहे. यात जे लिहीन ते एकाच ठिकाणी राहील, तुझ्याकडे. दुसरी प्रत मी ठेवणार नाही.

मागच्या सोमवारी तू फोनवर जे बोललास ते इथे पुन्हा लिहिते, म्हणजे नंतर वाद नको. "जिवलीची शाळा बंद. होळीला येतो नि तिला घेऊन जातो. कोळंबी सोलायच्या शेडमध्ये बसेल. बापाची नक्कल करते ना, मग बापासारखं काम पण करू दे." मी काही विचारायच्या आत तू फोन ठेवलास.

वेरावळला फिरणारा तो व्हिडिओ मी त्याच दिवशी पाहिला. जिवलीने तुझा निळा शर्ट घातलाय, डोक्याला टॉवेल गुंडाळलाय. ती अंगणात शिरते, अडखळते, मांडवाचा खांब धरते आणि ओरडते, "ए जिवले, पाणी आण गं! दर्या अजून हालतोय माझ्या पायात!" मग खाटेवर बसायला जाते आणि खाली पडते. मागे आई हसताना ऐकू येते. तिच्या वर्गातल्या भाविनीने तो आईच्या फोनवर काढला. दिवाळीत तू आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी, तू आत झोपला होतास तेव्हा.

तू हेच वाक्य बोलत अंगणात शिरला होतास. आम्ही सगळे हसलो होतो, तूही. म्हणून तिला वाटलं, ही हसायची गोष्ट आहे.

तो वेरावळला कसा पोचला ते मी जिवलीला विचारलं. ती म्हणाली, "आत्या, मी नेटवर टाकलंच नाही. लक्ष्याला फक्त हाताने दिलं." पाड्यावर रेंज नसते, म्हणून पोरं दोन फोन शेजारी धरून गाणी आणि व्हिडिओ एकमेकांना देतात. त्याला नेट लागत नाही. या देण्याला ती 'हाताने देणं' म्हणतात. लक्ष्या म्हणजे तिच्या वर्गातला, पलीकडच्या घरातला.

मला ते खरं वाटलं नाही. पाड्यावरून वेरावळपर्यंत हाताने काही जात नाही.

तू सांगितलंस म्हणून आई तिला शाळेत पाठवत नाही. वहिनी गेल्यापासून जिवलीबद्दलचा शेवटचा शब्द आईने तुझा ठेवलाय. माझं ती ऐकून घेते, एवढंच. जिवली आठवीत आहे. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. निदान होळीपर्यंत तिला जाऊ दे, असं आईला कळव.

शितल

वेवजी, २१ डिसेंबर

दादा,

झिपरूने तुझा निरोप दिला: "वाचलं म्हण." बरं.

आधीच्या पत्रात मी जिवलीवर अविश्वास दाखवला होता. ते चूक निघालं. ती अक्षरशः खरं बोलत होती.

शनिवारी मी डहाणूहून दुपारची एसटी पकडून वेवजीला पाड्यावर आले ते थेट लक्ष्याच्या घरी गेले. तो बकऱ्यांमागे लपला होता.

"तू पुढे कोणाला दिलंस?"

"कोणालाच नाही, मॅडम."

"मॅडम शाळेत. इथे ताई म्हण."

"कोणालाच नाही, ताई. आईची शपथ. माझ्या मेमरी कार्डातच होतं."

"आण कार्ड."

"आणलं असतं. पण तेव्हा दुकानात होतं ना, भरायला."

तलासरीतलं ते दुकान तुला ठाऊक आहे. लक्ष्यासारखी पोरं तिथे गाणी भरून घेतात आणि खलाशीही बोटीवर जाण्याआधी तिथेच कार्ड भरतात, कारण तिकडे समुद्रात रेंज नसते आणि दिवस जायला पाहिजे. मी दुकानदाराला सरळ विचारलं. तो जराही गोंधळला नाही.

"अहो ताई, मी काय चोर आहे का? कार्ड भरायला येतं, त्यात काही चांगलं दिसलं तर मी ठेवून घेतो. दुसऱ्याच्या कामी येतं. असंच तर माझं दुकान चालतं."

"त्या मुलीला विचारलं का?"

"ती कुठे आली होती दुकानात? कार्ड आलं होतं." मग हसून म्हणाला, "पण काय केलंय पोरीने! दर्या हालतोय! खलाशी मागून मागून नेतात."

त्याने मला फोल्डर दाखवलं. 'गावठी कॉमेडी' असं नाव आहे. दिवाळीनंतर ज्यांनी ज्यांनी कार्ड भरलं, त्या प्रत्येकाला ते फोल्डर गेलंय. वेरावळला पोचल्यावर तिथल्या कोणीतरी ते ग्रुपवर टाकलं. तोपर्यंत ही फाईल एकदाही नेटवर गेली नव्हती. फोनमधून फोनमध्ये, कार्डातून संगणकात, संगणकातून कार्डांत, आणि कार्डं झिपरूच्या गाडीत.

तूही जाण्याआधी त्याच दुकानात कार्ड भरलंस ना? मग ती तुझ्या खिशातूनही गेली असेल.

मी दुकानदाराला ती पुसायला लावली. त्याने माझ्यासमोर पुसली. त्याचा उपयोग काय ते मला माहीत आहे आणि त्यालाही.

घरी येऊन जिवलीला सांगितलं की तू खरं बोलत होतीस. ती म्हणाली, "मग बाबाला सांग ना." म्हणून सांगते आहे. तिने ते दुनियेला दिलं नाही. एका मित्राला दिलं. एवढं लक्षात घेऊन आईला निरोप पाठव.

शितल

डहाणू, ११ जानेवारी

दादा,

निरोप आला नाही. जिवली अजून घरीच आहे. मी शनिवारी तिच्या वर्गाचा अभ्यास घेऊन जाते, रविवारी तपासते. गणित ठीक आहे.

माझं काम तुला नीट माहीत नाही, कधी विचारलंही नाहीस. शाळांच्या संगणक-खोल्या चालू ठेवायच्या, बिघडलेलं दुरुस्त करायचं. यंदा त्यात सातवी-आठवीला ऑनलाइन सुरक्षिततेचा एक तास घ्यायचंही काम आलंय. शुक्रवारी जिवलीच्या शाळेत होते. तिची जागा रिकामी होती. भाविनीने तिथे स्वतःचं दप्तर ठेवलं होतं, कोणी बसू नये म्हणून.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. उत्तरं पाठ होती. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. आपला फोटो टाकायचा नाही. सगळे एका सुरात, पाढे म्हणतात तसे.

मग मी विचारलं, "आणि नेट बंद असेल तर?"

"मग काहीच होत नाही, मॅडम. फाईल फोनमध्येच कोंडली जाते."

"आणि कोणाला हाताने दिली तर?"

"मग त्याच्याकडे जाते. बस."

भाविनी उभी राहिली. "मॅडम, अनोळखी माणसाला द्यायचं नाही म्हणता. पण आमच्या इथे अनोळखी कोण आहे?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न बरोबर होता. या फाईलच्या वाटेत एकही अनोळखी माणूस नाही. भाविनी, जिवली, लक्ष्या, आपला दुकानदार, आपले खलाशी, तू.

तास संपल्यावर लक्ष्या दाराशी थांबला. "ताई, मी माझ्यातून डिलीट केलंय. मग बाकीच्यांच्यातून पण जाईल ना? हळूहळू?"

नाही म्हणाले. त्याने मान हलवली आणि तो पळत गेला नाही, चालत गेला. मी दिलेल्या धड्यात या मुलांसाठी काहीच नव्हतं, हे मला त्या वर्गात उभं राहून कळलं. तो धडा शहरातल्या पोरांसाठी कोणीतरी केलेला आहे. मी तो फक्त वाचून दाखवत होते.

एक गोष्ट मला अजून समजत नाही. तू नकलेवर चिडणारा माणूस नाहीस. लग्नात वरमायेची नक्कल करून मार खाल्लेला तूच. मग या एका नकलेवर फोन पाण्यात का? काहीतरी तू सांगत नाहीयेस.

शितल

डहाणू, २५ जानेवारी

दादा,

आता कळलं. तू सांगितलं नाहीस, झिपरूने सांगितलं. त्याच्यावर रागावू नको. मी त्याला एसटी स्टँडवर गाठलं आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या गाडीच्या दारात उभी राहिले.

तो म्हणाला, गणपतीनंतरच्या फेरीत जाळं ओढायच्या विंचेचा दोर सुटून तुझ्या डाव्या पायावर बसला. तू कोणाला कळू दिलं नाहीस. फडकं बांधून कामाला उभा राहिलास. बोटीवर सगळेच हेलकावत चालतात, म्हणून कोणाला दिसलं नाही. दिसलं असतं ते जमिनीवर. दिवाळीत तू घरी आलास आणि अंगणात अडखळलास, तेव्हा आम्ही विचारायच्या आत तूच ओरडलास, दर्या अजून हालतोय माझ्या पायात. मग आठवडाभर तू खाटेवरून फारसा उठला नाहीस. मला वाटलं थकलास. आईला वाटलं पितोस.

आणि मग बोट चालवणाऱ्या तुमच्या तांडेलने तो व्हिडिओ पाहिला. झिपरू म्हणतो, आधी तो सगळ्यांसोबत पोट धरून हसला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा हसला नाही. सकाळी धक्क्यावर सगळ्यांसमोर त्याने तुला म्हटलं, "चालीने बताव", म्हणजे चालून दाखव. तू चाललास. त्या दिवसापासून तू बोटीवर नाहीस, शेठच्या आवारात जाळी विणत बसतोस. होळीनंतर तेही राहील की नाही नक्की नाही.

म्हणजे जिवलीला शेडमध्ये बसवणं ही शिक्षा नव्हती. तिथे एका माणसाची कमाई कमी पडते म्हणून होतं. तू ते शिक्षा म्हणून सांगितलंस, कारण ते सांगणं तुला सोपं वाटलं. माझा अंदाज चुकला असेल तर दुरुस्त कर.

आईला पायाचं सांगितलं. ती रडली नाही. "मेल्याने मला पण सांगितलं नाही," म्हणाली आणि चुलीतली लाकडं पुढे सारत राहिली. जिवलीला सांगितलेलं नाही. तिने काय पाठवलं हे तिला ठाऊक आहे. त्या फाईलमध्ये आणखी काय होतं, ते तिला ठाऊक नाही. तिला सांगावं असं मला वाटत नाही. पोरीने एका मित्राला हसवलं आणि बापाची बोट गेली, हे तेराव्या वर्षी कोणी कुठे ठेवायचं?

तू या दोन गोष्टी वेगळ्या कर, एवढीच माझी मागणी आहे. पाय डॉक्टरला दाखव. डहाणूला हाडांचे डॉक्टर आहेत, मी तुझं नाव घालते. आणि जिवलीला शाळेत ठेव. पायाचं ओझं तिच्या दप्तरात भरू नको.

शितल

वेवजी, १५ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात लिहिलं होतं की जिवलीला सांगणार नाही. ते आता लागू नाही. कोणी सांगितलं नाही, तिने स्वतः काढलं.

काल मी अंगणात तिची वही तपासत होते. ती विहिरीवरून हंडा घेऊन आली, तो ठेवला आणि तुझी चाल चालू लागली. तशी ती अजून कधीकधी चालते, सवय झाल्यासारखी. खांबापर्यंत गेली, थांबली, परत मागे आली. पुन्हा चालली, या वेळी अगदी हळू, खाली पायांकडे बघत.

"आत्या, एक विचारू?"

"विचार."

"दर्या पायात हालत असेल तर दोन्ही पायांत हालायला पाहिजे ना?"

मी वही बंद केली.

"बाबा डावा पाय टाकतच नव्हता गं. नुसता टेकवायचा. मी पण तसंच करते, बघ. मी बघून बघून केलं, पण मला कळलंच नाही मी काय करते ते."

मला माहीत नाही असं म्हणता आलं असतं. तिने माझ्याकडे ज्या तऱ्हेने पाहिलं, त्यावरून तिला माझं उत्तर आधीच कळलं होतं. मग मी सगळं सांगितलं. दोर, तांडेल, धक्क्यावरचं चालणं, जाळी. काही कमी केलं नाही.

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कळलं. तुझ्यामुळे झालं नाही."

"ते एकच."

"एक नाही, जिवली."

"बाबासाठी एकच ना?"

आई दारातून म्हणाली, "पोरी, तुझा बाप लहानपणापासून दुखणं लपवतो. काटा रुतला तरी गाणं म्हणायचा." जिवलीने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

रात्री तिने जेवून भांडी घासली आणि पिशवी भरली. दोन फ्रॉक, ओढणी, तुझा निळा शर्ट. वह्या नाहीत. मी विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाली, "मी जाते सोलायला. बाबाला लिही, येताना मोठी पिशवी आणू नको म्हणावं. माझं सामान कमी आहे."

दोन महिने मी तुझ्याशी भांडते आहे की तिला नेऊ नको. आता ती स्वतः निघाली आहे. मी समजावून पाहिलं. माझं म्हणणं तिला पटतं आणि तरी ती पिशवी सोडत नाही. भाविनीने आणलेला अभ्यास तिने उघडलाही नाही. तू तिला ओढून नेलं असतंस तर मी तुला अडवलं असतं. ती आपल्या पायांनी यायला लागली तर तिला अडवू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो जाळी विणत बसलाय.

होळीला ये. काय बोलायचं ते मी तुला सांगणार नाही, मला ते येत नाही. पण ये.

शितल

डहाणू, १० मार्च

दादा,

तू शनिवारी गेलास तेव्हा जिवली घरातून बाहेर आली नाही. तुला वाटलं असेल रुसली. तसं नव्हतं. तुला पाठमोरं चालताना तिला बघायचं नव्हतं, म्हणजे चाल पुन्हा तिच्या अंगात भरणार नाही. हे तिने मला तू गेल्यावर सांगितलं.

होळीच्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर तू तिला "चालून दाखव" म्हणालास, तेव्हा मी तुला थांबवायला उठले होते. तू तांडेलचेच शब्द तिच्यावर टाकतोयस असं मला वाटलं. ती नको नको म्हणत होती. तू म्हणालास, "दुनियेला दाखवलंस, मला नाही दाखवणार?" ती चालली. अर्ध्यात रडायला लागली तरी चालली. आणि तू खाटेवरून म्हणालास, "डावा अजून ओढ. एवढा पण चांगला नाही राहिला तो." आई पहिली हसली. मग तू उठून तिच्याबरोबर खांबापर्यंत चाललास, दोघं एकाच चालीने. लक्ष्याने फोन काढला होता. भाविनीने त्याच्या हातावर चापट मारली, ती तू पाहिली नसशील.

त्यानंतर तू तिची भरलेली पिशवी उचलून खुंटीला लावलीस. शाळेबद्दल तू जाईपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. तू पिशवी खुंटीला लावलीस तेच आम्ही उत्तर धरलं आहे. तसं नसेल तर आता कळवून उपयोग नाही, कारण काल सोमवारी ती शाळेत गेली.

दुकानदाराकडे मी पुन्हा गेले नाही. ते फोल्डर आता कुठे कुठे आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. वेरावळला अजून कोणी तुला दर्या हालतोय म्हणून हाक मारत असेल तर ते थांबवणं माझ्या हातात नाही. हे मी जिवलीलाही सांगितलं. तिने विचारलं, "कधीच नाही?" मी म्हणाले, "कधीच नाही." गोड बोलून तिला वेगळं काही सांगावं असं वाटलं नाही.

शाळेच्या फाटकाशी पोरांनी तिला घेरलं, असं भाविनी सांगते. लक्ष्या म्हणाला, "ए जिवले, कर ना बाबाची चाल. एकदाच. फोन नाही काढत." ती म्हणाली, "ती माझी नाही. बाबाची आहे. त्याला विचार." आणि वर्गात जाऊन भाविनीचं दप्तर उचलून आपल्या जागेवर बसली.

आता तुझ्या पायाचं. गुरुवारी डॉक्टर आपल्या दोघांसमोर बोलले ते तू ऐकलंस: हाड वाकडं जुळलंय, बोटी बंद झाल्या की पावसाळ्यात शस्त्रक्रिया करायची. तारीख मी घेतली आहे. तोवर जाळी बसूनच विण, उभ्याने नको.

दवाखान्यातल्या माणसाने एक्स-रेची फाईल माझ्या फोनवर दिली होती. ती तशीच आहे, कुठे पाठवलेली नाही. जिवली रोज मागते. तिला बघायचंय आत काय झालंय. आईला पण बघायचं आहे. दाखवण्यात मला काही गैर दिसत नाही, पण पाय तुझा आहे. दाखवू का?

झिपरूकडे तोंडी निरोप देऊ नको. दोन ओळी तुझ्या हाताने लिही.

शितल